धूळ चाळणारा वारा

खळ्यावर धान्य उपणण्याचें काम ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना आजचा विषय अर्धा आधींच समजला आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मळलेलें धान्य सुपांत भरून उंचावरून सोडलें, कीं जड दाणा जवळच पडतो, हलकें भूस चार हात दूर जाऊन पडतें आणि त्याहूनहि हलका कोंडा वाऱ्याबरोबर निघून जातो. येथें चाळण नाहीं, जाळी नाहीं. निवड करतो तो वारा. परंतु तो वारा बेताचा असावा लागतो. तो मंदावला, तर भूस दाण्यांतच पडतें. सोसाट्याचा सुटला, तर भुसाबरोबर चांगले दाणेहि उडून जातात. सूप तेंच, हात तेच, धान्य तेंच. तरी वारा बदलला कीं निवड बदलते. म्हणूनच जाणता शेतकरी आधीं मूठभर माती सोडून वाऱ्याचा अंदाज घेतो आणि मगच सुपाला हात घालतो.

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यांत अशीं खळीं आतां फारशीं उरलीं नाहींत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं मोटारी, इंजिनें, ओतीव व घडीव भाग तयार करणाऱ्या कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका मिळाली. कांद्याच्या बाजारासाठीं आणि संग्रामदुर्गासाठीं ओळखलें जाणारें चाकण पुढें मोटारगाड्यांचें गांव बनलें. उपणणी मात्र थांबली नाहीं. ती शेतांतून यंत्रांत गेली, आणि धान्याच्या जागीं आतां धूळ उपणली जाऊं लागली.

धुळीची निवड करावयाची तरी कशासाठीं, असा प्रश्न सहज उद्भवेल. त्याचें उत्तर आपल्या शरीराच्या रचनेंत आहे. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशीं नाकांत व घशांत अडकतात आणि शिंकेबरोबर वा कफाबरोबर बाहेर पडतात. ४ मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून लहान कण मात्र श्वासनलिकांच्या फांद्यांतून खोल उतरून, जेथें रक्त आणि हवा यांची भेट होते त्या वायुकोशांपर्यंत पोंचूं शकतात. शिवाय लहान कण लवकर खालीं बसत नाहींत. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण निश्चल हवेंत दीड मीटर उंचीवरून जमिनीवर येण्यास आठेक मिनिटें घेतो; १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठीं जवळजवळ १२ तास लागतात. केरसुणी फिरवितांना डोळ्यांना दिसते ती धूळ थोड्याच वेळांत खालीं बसते. जी दिसत नाहीं आणि बसतहि नाहीं, तीच अधिक घातक होय.

औद्योगिक पट्ट्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाहीं. इंजिनाचा ठोकळा किंवा पंपाचें कवच बहुधा वाळूच्या साच्यांत ओतलें जातें. धातु थंड झाल्यावर साचा फोडतात, ओतीव भागाला चिकटलेली वाळू झाडतात, खडबडीत कडा घासून काढतात. आणि या प्रत्येक कामांत वाळूचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा, अतिसूक्ष्म चुरा हवेंत उठतो. हा चुरा वर्षानुवर्षें फुप्फुसांत सांचत गेला, कीं सिलिकोसिस नांवाचा विकार जडतो. फुप्फुसाची मऊ जाळी तंतुमय व ताठ होत जाते, दम लागूं लागतो, क्षयाचा धोका वाढतो. आणि एकदां झालेली हानि भरून काढणारें औषध आजमितीस उपलब्ध नाहीं. १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें कामाच्या जागीं श्वासावाटे आंत जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. रोग ध्यानीं येईपर्यंत बहुधा अनेक वर्षें लोटलेलीं असतात. म्हणून रोगाची वाट न पाहतां हवा आधींच मोजावी लागते.

हें मोजमाप असें करतात. कामगाराच्या कॉलरला, नाकातोंडाच्या जवळ, आंगठ्याएवढें एक लहानसें उपकरण अडकवितात आणि कमरेच्या पट्ट्याला बॅटरीवर चालणारा पंप बांधून दोहोंना नळीनें जोडतात. या उपकरणाला सायक्लोन म्हणतात. पंप हवा ओढूं लागला, कीं ती उपकरणांत कडेनें शिरते आणि आंतल्या गोल भिंतीलगत भोंवऱ्यासारखी गरगर फिरते. जड कणांना इतक्या चटकन् वळतां येत नाहीं. ते बाहेरच्या बाजूस फेंकले जाऊन भिंतीला लागतात व खालच्या डबींत पडतात. हलके कण हवेबरोबर वळतात आणि मधल्या नळीनें वर जाऊन गाळणकागदावर अडकतात. पाळी संपल्यावर तो कागद सूक्ष्म तराजूवर तोलतात. कागदावर सांपडली ती धूळ वायुकोशांपर्यंत पोंचणारी, असें मानावयाचें. ही सीमा १९९५ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानें ठरवून दिली आहे: ४ मायक्रॉनच्या कणांपैकीं निम्मे अडावेत आणि निम्मे पलीकडे जावेत. याच तत्त्वावर चालणारे मोठे सायक्लोन कारखान्यांच्या छपरांवर किंवा आवारांत निमुळत्या नरसाळ्यांसारखे उभे असलेले आपण पाहतों. ही कल्पना जुनी आहे. १८८५ सालीं अमेरिकेंत जॉन फिंच यांनीं अशा धूळसंग्राहकाचें एकस्व घेतलें होतें.

दुसरें एक उपकरण याहून सरळ आहे. त्यांत हवेचा बारीक झोत एका सपाट पृष्ठावर सोडतात. पृष्ठाजवळ येतांच हवा काटकोनांत वळते. जड कणांना वळणें जमत नाहीं आणि ते पृष्ठावर आपटून तेथेंच चिकटतात. याला इंपॅक्टर म्हणतात. १९४५ सालीं के. आर. मे या इंग्रज शास्त्रज्ञानें असे टप्पे एकाखालीं एक रचून, प्रत्येक टप्प्यावर झोत अधिकाधिक अरुंद व वेगवान करून, एकाच नमुन्यांतील धुळीच्या अनेक प्रती वेगळ्या करण्याची युक्ति प्रसिद्ध केली. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांचे कण कोठवर पोंचतील, हें आजहि अशाच पायऱ्यापायऱ्यांच्या उपकरणानें तपासतात.

शहराच्या हवेचें मोजमाप याच कुळांतलें आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१३ सालीं ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची योजना पुण्यांत सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांत भोसरी आणि निगडी यांचाहि समावेश होता. अशा केंद्रांतून वापरल्या जाणाऱ्या यंत्रांच्या माथ्यावर साधारणपणें असाच एक विभाजक बसविलेला असतो. तो १० किंवा २.५ मायक्रॉनहून मोठी धूळ बाजूस काढतो आणि उरलेली आंत सोडतो. वर्तमानपत्रांत ‘पी. एम. २.५’ म्हणून जो आकडा छापून येतो, तो या निवडीवर उभा असतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. स्वयंपाकघरांतल्या चाळणीचें भोंक जेवढें, तेवढाच दाणा खालीं जातो. चाळणी हळू हलवा वा जोरानें हलवा, भोंक बदलत नाहीं. सायक्लोन आणि इंपॅक्टर यांची गोष्ट निराळी. त्यांची मापें कितीहि काटेकोरपणें घडविलेलीं असोत, ४ मायक्रॉन किंवा २.५ मायक्रॉन ही सीमा धातूंत कोरलेली नसते. हवेचा वेग हेंच त्यांच्या चाळणीचें भोंक. प्रवाह वाढला, कीं भोंक बारीक होतें; प्रवाह मंदावला, कीं तें मोठें होतें. इंपॅक्टरमध्यें हा संबंध वर्गमुळाचा आहे: वेग चौपट केला, तर सीमा निम्म्यावर येते. २.५ मायक्रॉनसाठीं आंखलेल्या बहुतेक यंत्रांत मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढली जावी, असा संकेत आहे. तोच प्रवाह १५ लिटरवर उतरला, तर सीमा २.६४ मायक्रॉनच्या आसपास जाते. निम्म्यावर आला, तर ती साडेतीन मायक्रॉनवर पोंचते. आणि यंत्रावरची पाटी मात्र २.५ च सांगत राहते! कामगाराच्या कॉलरवरच्या सायक्लोनची हीच अवस्था. १० मिलीमीटर व्यासाच्या नायलॉनच्या सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर प्रवाह लागतो, दुसऱ्या एका प्रचलित घाटाला २.२ लिटर. एकाचा प्रवाह दुसऱ्याला दिला, तर तें उपकरण भलतीच धूळ निवडूं लागतें.

येथें कोणी म्हणेल, एवढ्यातेवढ्या फरकानें काय बिघडतें? उदाहरणच घेऊं. १९८७ च्या दुरुस्तीनें १९४८ च्या कारखाने कायद्याला जी अनुसूचि जोडली गेली, तींत स्फटिकरूप सिलिकेसाठीं एक सूत्र दिलें होतें: वायुकोशांपर्यंत जाणाऱ्या धुळींतील क्वार्ट्‌झच्या टक्केवारींत २ मिळवावे आणि त्या बेरजेनें १० ला भागावें, येईल तितके मिलीग्राम दर घनमीटरला चालतील. समजा, धुळींत १८ टक्के क्वार्ट्‌झ आहे. तर मर्यादा अर्ध्या मिलीग्रामची होते. १.७ लिटरच्या प्रवाहानें ८ तासांच्या पाळींत ८१६ लिटर, म्हणजे एक घनमीटरहूनहि कमी, हवा ओढली जाते. तेव्हां ज्या कागदावरून कारखान्याची हवा सुरक्षित कीं धोक्याची हें ठरावयाचें, त्यावरची धूळ मर्यादेच्या काठावर असतांना जेमतेम ०.४ मिलीग्राम भरते. तांदळाचा एक दाणा सुमारें २० मिलीग्रामचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा व्यवहार किती नाजुक आहे, तें कळेल.

प्रवाहाच्या चुकीचा परिणाम दोन मार्गांनीं होतो. पहिला मार्ग भागाकाराचा. धुळीच्या वजनाला हवेच्या आकारमानानें भागूनच उत्तर काढावयाचें. हवा प्रत्यक्षांत कमी ओढली गेली आणि हिशेबांत मात्र पूर्ण धरली, तर हवा खरी होती त्याहून स्वच्छ दिसते. दुसरा मार्ग सीमेचा. प्रवाह मंदावल्यानें भोंक मोठें होतें, नको ती जाड धूळहि कागदावर येते आणि हवा खरी होती त्याहून अस्वच्छ दिसते. हीं दोन ओझीं तराजूच्या विरुद्ध पारड्यांत पडत असल्यानें तीं कधीं कधीं एकमेकांना बऱ्याच अंशीं तोलतातहि. परंतु किती तोलतील, तें त्या जागच्या धुळींत जाड किती व बारीक किती यावर अवलंबून राहतें. आणि तेंच तर आपल्याला मोजावयाचें असतें! उलट पंप जोरानें चालवून हवेचें आकारमान खरें नोंदलें, तरी भोंक बारीक झाल्यामुळें घातक धुळीचा एक भाग डबींतच राहतो आणि अहवाल निष्कारण गोड होतो. हिशेबांत कोठेंहि खोट दिसत नाहीं. कामगार मात्र तीच हवा घेत राहतो.

तेव्हां प्रवाह मोजावा कसा? सर्वांत विश्वासाची रीत लहान मुलाच्या खेळासारखी आहे. मापाच्या खुणा केलेली कांचेची उभी नळी घेतात, तिच्या तळाशीं साबणाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा धरवितात, आणि नळीचें वरचें तोंड सायक्लोनमार्गें पंपाला जोडतात. पंप हवा ओढतो तसा पापुद्रा वर चढूं लागतो. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जाण्यास लागलेला वेळ घड्याळावर पाहावयाचा. दोन खुणांमध्यें एक लिटर जागा असेल आणि प्रवाह १.७ लिटरचा हवा असेल, तर पापुद्र्यानें ३५.३ सेकंद घेतले पाहिजेत. साबणाच्या पापुद्र्याला वजन जवळजवळ नसतें आणि तो प्रवाहाला अडवीत नाहीं. म्हणून ही साधी नळी महागड्या मापकांची परीक्षा घेण्यासहि उपयोगी पडते.

दुसरें साधन रोटामीटर. खालीं अरुंद व वर रुंद होत जाणाऱ्या कांचेच्या नळींत एक हलका गोळा असतो. प्रवाह जितका अधिक, तितका तो उंच तरंगतो. वापरण्यास हें फार सोयीचें; परंतु गोळ्याला उचलते ती हवेची घनता आणि गति मिळून. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे आणि तेथें हवेचा दाब किनाऱ्यापेक्षां सुमारें ६ टक्क्यांनीं कमी असतो. समुद्रकांठच्या हवेसाठीं खुणा केलेलें रोटामीटर पुण्यास आणून जसेंच्या तसें वापरलें, तर प्रत्यक्ष प्रवाह दाखविलेल्यापेक्षां सुमारें ३ टक्के अधिक असतो. शिवाय तें गाळणकागदाच्या मागें, पंपाच्या बाजूस जोडलें, तर तेथील विरळ हवेमुळें वाचन आणखी फसवें होतें. यासाठीं मापक नेहमीं उपकरणाच्या तोंडाशीं, मोकळ्या हवेच्या दाबांत जोडावा. माप पाळीच्या आरंभीं आणि शेवटीं दोन्ही वेळीं घ्यावें, कारण कागदावर धूळ सांचत जाते तसतसा पंपाला जोर अधिक लागतो. दोन मापांत ५ टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर तो नमुना बाजूस ठेवणें हीच प्रामाणिक रीत. आणि हें सर्व करण्यापूर्वीं तोंड बोटानें बंद करून पाहावें: प्रवाह शून्यावर आला नाहीं, तर हवा कोठून तरी गळून आंत येत आहे, असें खुशाल समजावें.

छपरावरच्या मोठ्या सायक्लोनसाठीं साबणाची नळी पुरणार नाहीं. तेथें फ्रेंच अभियंते आंरी पितो यांनीं १७३२ सालीं सीन नदीचा वेग मोजण्यासाठीं योजलेली नळी आजहि कामास येते. प्रवाहाकडे तोंड करून धरलेल्या नळींत दाब वाढतो. तो बाजूच्या दाबाशीं ताडून वेग काढतात. हवा सेकंदाला १५ मीटर वेगानें जात असेल, तर हा फरक पाण्याच्या अवघ्या १३ मिलीमीटर उंचीइतका भरतो. वेग दुप्पट झाला कीं फरक चौपट होतो. भिंतीलगत हवा मंद आणि मध्यें जलद असते, म्हणून एका ठिकाणचें वाचन पुरत नाहीं. वाहिनीच्या आडव्या छेदांत अनेक ठिकाणीं मापें घेऊन सरासरी काढावी लागते. सायक्लोनमधून नुकतीच बाहेर पडलेली हवा अजून गरगरत असते. तेथें नळीचें तोंड प्रवाहाशीं जुळत नाहीं आणि वाचन चुकतें. सरळ वाहिनींत पुरेसें अंतर सोडूनच माप घ्यावें.

या मापाचा एक व्यावहारिक लाभ सांगण्याजोगा आहे. सायक्लोनच्या आंत शिरणारी आणि बाहेर पडणारी हवा दोन्हीकडे मोजली, आणि बाहेरची अधिक भरली, तर मधली भर बहुधा तळाच्या धूळ काढण्याच्या झडपेंतून आलेली असते. ओढून घेणाऱ्या पंख्यावर चालणाऱ्या सायक्लोनमध्यें तळाशीं बाहेरच्यापेक्षां दाब कमी असतो. झडपेचें रबर झिजलें, कीं हवा तेथून वर उसळते आणि नुकतीच खालीं बसूं पाहणारी बारीक धूळ उचलून धुराड्याकडे नेते. यंत्र बाहेरून धडधाकट दिसतें, पंखा नेहमीसारखा घोंघावतो, आणि धूळ मात्र शेजारच्या वस्तीवर जाऊन पडते. एक झिजलेली पट्टी बदलल्यानें हें टळतें. परंतु ती झिजली आहे हें डोळ्यांना न दिसतां मापानें दिसतें.

प्रत्यक्ष भोंवऱ्याच्या पोटांत काय चालतें, हें जाणण्याचा प्रयत्नहि शास्त्रज्ञांनीं केला आहे. हॉलंडमधील तेर लिंडेन यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत बारीक नळ्या आंत घालून घेतलेलीं मापें दिलीं आहेत. भिंतीपासून आंत जावें तसतसा फिरण्याचा वेग वाढत जातो, बाहेर जाणाऱ्या मधल्या नळीच्या परिघाच्या किंचित् आंत तो सर्वाधिक होतो आणि अगदीं मध्यभागीं पुन्हां उतरतो, असें त्यांना आढळलें. पण आंत घातलेली नळी स्वतःच भोंवरा ढवळते, ही अडचण राहतेच. म्हणून आतां पारदर्शक प्रतिकृति करून तींत बारीक धूर सोडतात, लेसरच्या पातळ प्रकाशपटांत त्याचीं लागोपाठ दोन छायाचित्रें घेतात आणि कण कितपत सरकले त्यावरून जागोजागचा वेग काढतात.

घरगुती वाचकांना यांतून काय घेतां येईल? अलीकडे अनेक घरांत हवेचा आकडा दाखविणारी डबी असते. ती बहुधा धूळ निवडीतहि नाहीं आणि तोलीतहि नाहीं. एक चिमुकला पंखा हवा आंत ओढतो, कणांवर प्रकाश पडतो, आणि विखुरलेल्या प्रकाशावरून ती अनुमान करते. पंख्यांत कापसाचे तंतु अडकले, तर तिचाहि वारा बिघडतो. तिच्याकडून सकाळ-संध्याकाळचा चढउतार जाणून घ्यावा; निर्णयाचा आकडा मागूं नये. निर्णयाचा आकडा तोललेल्या धुळीचा आणि मोजलेल्या हवेचा. २००९ सालच्या राष्ट्रीय मानकांप्रमाणें २.५ मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्राम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सुचविलेली मर्यादा १५ आहे. ताशीं एक घनमीटर या प्रवाहानें दिवसभरांत २४ घनमीटर हवा गाळली, तर राष्ट्रीय मर्यादेच्या काठावर कागदावर १.४४ मिलीग्राम धूळ मिळते. एवढ्याशा वजनावर नगराचें आरोग्यधोरण उभें राहतें.

म्हणून कारखान्याचा असो वा शहराचा, धुळीचा कोणताहि अहवाल समोर आला, कीं आकड्याआधीं प्रवाहाची नोंद पाहण्याची संवय आपण लावून घ्यावी: प्रवाह किती ठेवला होता, तो कशानें तपासला, आणि आरंभींचें व शेवटचें माप जुळलें काय? ज्या घरांतील कोणी ओतकामाच्या कारखान्यांत आहे, त्यांनीं तर हा प्रश्न निःसंकोच विचारावा. आणि अहवाल लिहिणाऱ्यानें त्याचें उत्तर पहिल्याच ओळींत द्यावें. मूठभर माती सोडून वाऱ्याचा अंदाज घेणाऱ्या शेतकऱ्याचें फार तर पायलीभर धान्य वांचत असे. येथें वांचावयाचीं आहेत तीं माणसांचीं फुप्फुसें.